खुडूक कोंबडी, अंडी आणि कळपातली पिल्लं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की माझा फोन कोंबड्यांपायी वाजायला लागतो. पाहुणे, शेजारचे आखाडेवाले (शेतातल्या वस्तीवरचे लोक), पुण्याहून गावी परतलेली एक-दोन पोरं. विचारणारे बदलतात, प्रश्न तेच राहतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आमचा आखाडा परभणी जिल्ह्यात, काळ्या रानात. पंधरा-वीस गावरान कोंबड्या, दोन कोंबडे, दिवसभर मोकळ्या. उबवणीचं मशीन नाही. जी पिल्लं होतात ती कोंबडीच्याच पोटाखाली. पाचशे पक्ष्यांचं शेड टाकणाऱ्याच्या कामाचं यात फारसं काही नाही.

कोंबडी खरंच खुडूक झाली हे ओळखायचं कसं?

खुडूक म्हणजे अंडी देणं थांबवून ती उबवायला बसलेली कोंबडी. दुपारी अंड्याच्या जागी जरा जास्त वेळ बसली म्हणजे खुडूक झाली असं नाही. रात्री बघा. बाकीच्या दांडीवर चढल्या आणि ही एकटी टोपल्यातच राहिली, तर शंका घ्यायला जागा आहे. हात जवळ नेला की ती पिसं फुलवून दुप्पट होते, घशातून खरखर आवाज काढते, चोच मारते. पोटाखाली हात गेलाच तर तिथली पिसं झडलेली आणि कातडी चांगलीच गरम लागते. दिवसातून एकदाच उठते, बाहेर येऊन ‘क्लुक क्लुक’ करत फिरते आणि टाकते ती शीट एवढी मोठी आणि एवढी घाण वासाची असते की एकदा बघितलेला माणूस विसरत नाही.

तरी घाई करू नका. दोन-तीन रात्री तिच्याखाली साधी, खायची अंडी ठेवा. टिकली तर मग बियाणाची अंडी द्या. पहिल्या वेळेची तलंग (तरणी कोंबडी) बऱ्याचदा पाच-सहा दिवस बसून मध्येच उठते आणि सगळी अंडी वाया जातात. मागच्या वेळी जिने पिल्लं नीट वाढवली, तीच पुन्हा खुडूक झाली तर डोळे झाकून तिलाच निवडा.

माझ्याकडे वनराज आणि गिरिराज जातीच्या कोंबड्या आहेत. दोन वर्षं झाली, एकही खुडूक झाली नाही. काही चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाही. खुडूक होणं हे अंगातल्या प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाचं काम. ते वाढलं की अंडी थांबतात आणि बसायची ओढ लागते. जास्त अंड्यांसाठी ज्या जाती निवडत आणल्या, त्यांच्यातून ही ओढ बरीचशी निघून गेली. हैदराबादचा वनराज आणि बेंगळुरूचा गिरिराज यांत ती फार कमी दिसते. व्हाइट लेगहॉर्नमध्ये तर जवळपास नाहीच. कडकनाथही सहसा बसत नाही, म्हणून त्याची अंडी लोक गावरान कोंबडीखालीच ठेवतात. तुम्हीही तेच करा, शेजारच्या मावशीकडून एक जुनी गावरान कोंबडी विकत घ्या. अंडी कोणाची आहेत ते तिला कळत नाही आणि कळलं तरी तिची हरकत नसते.

तिला कळपातच बसू द्यावं की वेगळं ठेवावं?

सगळ्यात जास्त नुकसान याच एका गोष्टीत होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिल्या वर्षी मी एका कोंबडीला तिने निवडलेल्या जागीच राहू दिलं. खुराड्यातलं कोपऱ्यातलं टोपलं, खाली अकरा अंडी. मला वाटलं, जिथे जीव रमला तिथेच बसू द्यावी. झालं काय, तर ती दाणा खायला उठली की दुसरी कोंबडी त्याच टोपल्यात जाऊन अंडं घालायची. ही परत आली की दुसऱ्याच टोपल्यात बसायची, कारण तिचं टोपलं भरलेलं. विसाव्या दिवशी मोजली तर खाली एकोणीस अंडी. कोणती कधीची, काही पत्ता नाही. चार पिल्लं निघाली, तिसऱ्या दिवशी ती चौघांना घेऊन टोपल्यातून उतरली आणि मागे राहिलेल्या अंड्यांत अर्धवट वाढलेले जीव होते. एक फोडून बघितलं आणि बाकीची तशीच उकिरड्याच्या खाली पुरली.

पहिलं पिल्लू निघालं की कोंबडी फार तर दोन दिवस वाट बघते. मग तिचं लक्ष बाहेर आलेल्यांकडे जातं, आणि ते बरोबरच आहे. म्हणून सगळी अंडी एकाच दिवशी खाली गेली पाहिजेत आणि नंतर त्यात एकही भर पडता कामा नये.

दुसऱ्या टोकाला, तिला उचलून घराच्या माळवदावर किंवा लांबच्या खोलीत नेऊन बंद केलं, तर वेगळी अडचण येते. दीड-दोन महिन्यांनी ती पिल्लं घेऊन परत येते तेव्हा कळपाला ती परकी झालेली असते. तिचा मान गेलेला असतो, मारामारी होते आणि त्यात पिल्लं तुडवली जातात.

आम्ही मधला रस्ता काढला. खुराड्याच्याच एका कोपऱ्याला तुराट्यांचा कूड घातला, पुढच्या बाजूला कोंबड्यांची जाळी. आत साधारण तीन फूट बाय तीन फूट जागा, त्यात टोपलं, पाणी, दाणा आणि लोळायला थोडी राख. कोंबड्या तिला बघतात, ती त्यांना बघते, फक्त अंड्यापर्यंत कोणी पोचत नाही. तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) नसतील तर पऱ्हाट्या (कपाशीच्या) चालतील, जुनी बाज आडवी लावली तरी चालेल.

कूड करणं जमतच नसेल तर निदान एवढं करा: खाली घातलेल्या प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने गोल रेघ मारा आणि ती उठेल तेव्हा रोज बिनरेघेची अंडी काढून घ्या. स्केच पेन वापरू नका, शाई कवचातून आत झिरपते.

ती ज्या जागी बसली तिथून हलवली तर उठून जाईल ना?

दिवसा हलवली तर जाईल. अंधार पडल्यावर दोन्ही हातांनी पंखांसकट उचला, छातीशी धरा, नव्या टोपल्यात आधीपासून ठेवलेल्या साध्या अंड्यांवर बसवा आणि वरून डालं (कोंबड्या झाकायची मोठी टोपली) पालथं घाला. सकाळी उठली, फिरली आणि परत त्याच टोपल्यात बसली तर काम झालं. जुन्या जागेकडे धाव घेत असेल तर अजून एक रात्र डाल्याखाली राहू द्या. दुसऱ्या दिवशीही ऐकत नसेल तर तिचा नाद सोडा, दुसरी बघा.

किती अंडी ठेवायची?

गावरान कोंबडीखाली हिवाळ्यात नऊ-दहा, उबदार दिवसांत बारापर्यंत. पसरून बसल्यावर एकही अंडं पिसांबाहेर दिसायला नको. पंधरा ठेवली म्हणून पंधरा निघत नाहीत. कडेची अंडी गार पडतात, ती आलटून पालटून मध्ये आणते, आणि मग आज हे गार, उद्या ते गार, असं करत सगळ्यांचंच नुकसान होतं.

विषम आकडाच हवा असं आमची आजी म्हणायची. नऊ किंवा अकरा. मी तिच्या शब्दाबाहेर जात नाही, पण दहा ठेवली म्हणून कधी काही बिघडलेलं नाही.

अंडी कशी निवडायची? दुकानातली चालतील का?

दुकानातली पांढरी अंडी कोंबड्याशिवाय घातलेली असतात, त्यात पिल्लू नसतं. तुमच्या कळपात आठ-दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा असेल तर घरची अंडी निपजतात. मध्यम आकाराची, स्वच्छ, तडा नसलेली घ्या. फार मोठं, फार लांबुळकं किंवा खरखरीत कवचाचं अंडं खाऊन टाका. शेण लागलेलं असेल तर धुऊ नका. कवचावर एक नैसर्गिक लेप असतो, तो धुतला की जंतू आत शिरतात. कोरड्या फडक्याने पुसता आलं तर पुसा, नाही तर सोडा.

साठवताना निमुळतं टोक खाली. थंडीत सात दिवसांपर्यंतची अंडी चालतात. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुनं ठेवू नका. घर तापलेलं असेल तर अंड्यातला जीव कोंबडी बसायच्या आधीच अर्धामुर्धा वाढायला लागतो आणि मग मरतो. फ्रीजच्या थंडीतली अंडीही बसवायला घेऊ नका. माठाशेजारी, ओल्या पोत्यावर ठेवलेल्या मडक्यात माझी अंडी बरी राहतात.

मराठवाड्यात कोणत्या महिन्यात बसवावी?

दिवाळीपासून माघापर्यंत. यावर माझ्याशी वाद घालणारे आहेत, पण माझा हिशोब असा.

थंडीत कोंबडी अंड्यांना हवी ती ऊब देऊ शकते, जास्तीची ऊब मात्र तिला काढून घेता येत नाही. अंड्याला साधारण साडेसदतीस अंश लागतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, आणि पत्र्याच्या खुराड्यात तर त्याहून वर. कोंबडी चोच उघडून धापा टाकते, अंड्यांवरून उठून बाजूला उभी राहते आणि तरीही अंडी शिजतात. मे महिन्यात बसवलेल्या माझ्या दोन खेपांमधून मिळून पाच पिल्लं आली.

ज्यांची कोंबडी चैत्र-वैशाखातच खुडूक होते त्यांनी काय करावं? पत्रा टाळा. कडुलिंबाखाली, मातीच्या भिंतीच्या सावलीला, नाही तर माळवदाच्या घराच्या वसरीत बसवा. टोपल्याऐवजी जमिनीत वीतभर खोल खळगा करून त्यात गवत घाला, खालची माती गार राहते. दुपारी आजूबाजूला पाणी शिंपडा, अंड्यांवर नाही.

मृगाच्या तोंडावर बसवणाऱ्यांची पिल्लं ऐन पावसात निघतात. किडे भरपूर मिळतात हे खरं, पण काळी माती पायाला चिकटते, पिल्लू भिजतं, गारठतं आणि ओल्या जागेत रक्ती हगवण लागते. पावसाळ्यात काढायचीच असतील तर कोरडा, उंच ओटा आधी तयार ठेवा.

टोपल्यात काय घालायचं?

तळाला दोन बोटं कोरडी माती किंवा राख मिसळलेली माती, वर गव्हाचा भुसा किंवा बारीक केलेला कडबा. मध्ये हलका खोलगट आकार द्या, म्हणजे अंडी कडेला पळत नाहीत. सोयाबीनचं भुसकट टोचतं आणि त्यात धूळ फार असते, मला ते आवडत नाही. उंच टोपलं नको. पिल्लं निघाल्यावर बाहेर पडलेलं पिल्लू परत चढू शकत नाही आणि रात्रभर गारठून मरतं.

पिसवांची तपासणी विसरू नका. कोंबडी एकवीस दिवस एका जागी बसते, पिसवांना याहून चांगली मेजवानी कुठली? रात्री बॅटरी लावून टोपल्याच्या सांदीत बघा. लालसर, टाचणीच्या टोकाएवढे जीव फिरताना दिसले तर ते रात्री रक्त पिणारे. चांगली बसलेली कोंबडी अर्ध्यात उठून गेली तर बहुतेक वेळा दोष यांचा असतो. बसवायच्या आधी खुराड्याला चुना मारा, टोपलं उन्हात तापवा, भुशाखाली वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला. कपाशीवर मारायचं औषध खुराड्यात फवारू नका. आमच्या भागात हा प्रकार होतो म्हणून लिहितो, त्यात कोंबडीच मरते.

ती काहीच खात नाही. उपाशी मरेल का?

नाही. दिवसातून एकदा वीस-तीस मिनिटं उठते, त्यात खाणं, पाणी, शीट, राखेत लोळणं सगळं उरकते. तेवढ्यात अंडी गार पडून मरत नाहीत. ज्वारी आणि मका असे अख्खे दाणे द्या, ते पोटात टिकतात आणि शीटही घट्ट राहते. मऊ, ओलं खाद्य दिलं तर टोपलं घाण होतं. ती हलकी होणार, तुरा फिका पडणार, ते ठरलेलंच आहे.

दोन दिवस उठलेलीच दिसली नाही तर मात्र तिला उचलून दाण्यापाशी ठेवा. उचलताना पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना, ते आधी चाचपा. माझ्या हातून असं एक फुटलंय.

अंडं जिवंत आहे हे फोडल्याशिवाय कसं कळेल?

सातव्या रात्री अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या बॅटरीवर अंड्याचं जाड टोक टेकवा. आत लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं चित्र आणि मध्ये काळा ठिपका दिसला तर जीव आहे. नुसतं पिवळसर, स्वच्छ दिसलं तर वांझ. शिरा नाहीत पण एक लाल कडं दिसतंय, तर जीव धरून मेलेला. शंका असेल तर राहू द्या, चौदाव्या रात्री पुन्हा बघा. तेव्हा जिवंत अंडं बहुतेक काळं दिसतं, फक्त जाड टोकाला हवेची जागा उजळ राहते.

वांझ आणि मेलेली काढून टाका. नासकं अंडं कोंबडीखाली फुटलं तर वास तर येतोच, पण ती घाण चांगल्या अंड्यांच्या कवचाला लागते.

काही जण विसाव्या दिवशी अंडी कोमट पाण्यात सोडतात, हललं ते जिवंत. तडा गेलेलं अंडं पाण्यात टाकलं तर आतलं पिल्लू बुडून मरतं. हा खेळ करू नका.

वीज कडाडली की अंडी नासतात म्हणे. टोपल्यात लोखंडाचा खिळा ठेवायचा का?

खिळा, कोळशाचा तुकडा, कधी जुना विळा, आमच्याकडे सगळं ठेवून झालंय. कोंबडी आवाजाला घाबरून उठते आणि पावसाने अचानक गारवा येतो, नुकसान त्यातून होतं. खिळ्याने अंड्याला फायदा नाही, तोटाही नाही. आजी असेपर्यंत आमच्या टोपल्यात कोळसा होता. आता डाल्यावर पोतं टाकतो, म्हणजे उजेड आणि आवाज दोन्ही कमी पोचतात.

एकविसावा दिवस आला. आता मी काय करू?

काही करू नका. हेच सगळ्यांना अवघड जातं.

बसवली त्या दिवसाला शून्य धरा. १ तारखेला रात्री बसवली तर २२ तारखेला पिल्लं. कॅलेंडरवर लिहूनच ठेवा, आठवणीवर राहू नका. अठराव्या दिवसापासून अंड्यांना हात लावायचा नाही, तपासायचं नाही. शेवटच्या एक-दोन दिवसांत आतून चिवचिव ऐकू येते आणि कोंबडी हळू आवाजात उत्तर देते. माझ्या मते या सगळ्या उद्योगातला ऐकण्यासारखा आवाज तो एकच.

कवचाला पहिलं भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा तास लागतात, कधी पूर्ण दिवस. मध्ये ते तासन् तास गप्प पडून राहतं. माणसाला वाटतं अडकलं, आणि तो नखाने कवच सोलायला जातो. आतल्या पापुद्र्यात अजून रक्त असतं, पिल्लाचा बलक पोटात पूर्ण ओढला गेलेला नसतो. सोललेलं पिल्लू बहुतेक मरतंच.

पिल्लाला पहिला दीड-दोन दिवस खायला लागत नाही, पोटातला बलक पुरतो. म्हणून कोंबडी आधी निघालेल्यांना पोटाखाली दाबून उरलेल्यांची वाट बघू शकते. रिकामी कवचं संध्याकाळी अलगद काढा, एवढं पुरे. तेविसाव्या दिवशी जी अंडी गप्प आहेत ती काढून पुरून टाका.

तीनच पिल्लं निघाली. विकतची पिल्लं तिच्याखाली सरकवता येतील का?

येतात, पण वेळ फार थोडा असतो. तिची पिल्लं निघून एक-दोन दिवसच झालेले असावेत आणि आणलेली पिल्लंही एक-दोन दिवसांचीच असावीत. रात्री अंधारात एकेक पिल्लू मागच्या बाजूने पंखाखाली सरकवा, तिच्यासमोर दाखवू नका. सकाळी उजाडायच्या आत जाऊन बघा. टोचत असेल तर लगेच काढून बल्बखाली ठेवा. आठवडाभराची पिल्लं ती घेत नाही आणि ती पिल्लंही तिला आई मानत नाहीत.

शासनाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. तिथून पिल्लं घ्यायची असतील तर तारीख आधी ठरवून घ्या आणि त्या हिशोबाने कोंबडी बसवा.

पिल्लं कळपात कधी सोडायची? कोंबडा त्यांना मारेल का?

कोंबडा सहसा मारत नाही. आमचा तांबडा कोंबडा तर किडा सापडला की पिल्लांना हाक मारतो. त्रास होतो तो मधल्या वयाच्या कोंबड्यांकडून. तीन-चार महिन्यांच्या तलंगा आणि नुकत्याच बांग द्यायला लागलेल्या नरांना कळपात स्वतःचा मान नसतो, तो ते लहानांवर गाजवतात.

पहिले पाच-सहा दिवस आई आणि पिल्लं जाळीच्या आतच. सगळा कळप जाळीतून बघतो, चोच घालून बघतो, मग त्याला कंटाळा येतो. सातव्या-आठव्या दिवशी, कळप पोटभर चरून सुस्तावला असेल अशा दुपारनंतरच्या वेळी, जाळी उघडा आणि तासभर तिथेच बसा. पहिल्या पाच मिनिटांत आई एक-दोघींच्या अंगावर धावून जाईल. जाऊ द्या, मध्ये पडू नका. एरवी सगळ्यांचा मार खाणारी कोंबडी पिल्लं झाली की कळपातल्या थोरलीलाही पळवते. ती स्वतःची जागा मिळवत असते आणि पिल्लं तिच्या मागे उभी राहून कोणाला किती अंतर द्यायचं ते शिकतात. मशीनची, बल्बखाली वाढलेली पिल्लं दोन महिन्यांची करून कळपात सोडली तर महिनाभर मार खातात. आईबरोबर आलेल्यांना तो त्रास फार कमी होतो. कोंबडीखाली पिल्लं काढायचं खरं कारण माझ्या लेखी हे आहे, विजेचं बिल नव्हे.

रात्री मात्र पंधरा-वीस दिवस आई आणि पिल्लं परत जाळीच्या आत. पिल्लं दांडीवर चढू शकत नाहीत, आई खालीच बसते, आणि वरून मोठ्यांची शीट तिच्या अंगावर पडते.

आई मऊ आणि घाबरट असेल, धावून न जाता स्वतःच कोपऱ्यात दबत असेल, तर दोन-तीन आठवडे थांबा. सगळ्या कोंबड्या सारख्या नसतात.

पिल्लांना काय खायला घालू? मोठ्या कोंबड्याच सगळं खाऊन टाकतात.

डालं घ्या, त्याची कड दोन विटांवर टेकवा. खाली तीन बोटांची फट राहू द्या. पिल्लं आत जातात, मोठ्यांचं फक्त डोकं जातं. पिल्लांचं खाद्य डाल्याच्या मधोमध ठेवा. आई बाहेर ओरडत फिरेल, तिला वेगळी मूठभर ज्वारी टाका.

पहिले तीन-चार आठवडे विकतचं पिल्लांचं खाद्य मिळालं तर उत्तम. नाही तर ज्वारी-मक्याचा बारीक भरडा, त्यात शेंगदाण्याची पेंड आणि थोडी सुकटाची पूड. नुसत्या तांदळाच्या कणीवर पिल्लू जगतं, पण पिसं धरत नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेअर खाद्य पिल्लांना देऊ नका, त्यातला जास्तीचा चुना त्यांच्या किडनीला झेपत नाही. उलटं चालतं: आई पिल्लांचं खाद्य खाऊ शकते, कारण ती तेव्हा अंडी देत नसते.

वाळवीचं मडकं आमच्याकडे अजून करतात. जुन्या मडक्यात ओलं शेण, कडब्याचे तुकडे आणि पोत्याची चिंधी भरायची आणि संध्याकाळी वारुळाच्या जवळ पालथं घालायचं. सकाळी आत वाळवी भरलेली असते. अंगणात झटकली की आई ‘टुक टुक’ करून हाक मारते आणि पिल्लं तुटून पडतात.

पाणी उथळ ताटलीत, त्यात खडे टाकून. पहिल्या आठवड्यात पिल्लं पाण्यातच बुडून मरतात हे लोकांना पटत नाही.

पेरणीच्या दिवसांत एक काळजी घ्या. सोयाबीन, कपाशी, तुरीचं औषध लावलेलं, लाल-गुलाबी रंगाचं बियाणं तिफणीतून किंवा पिशवीतून सांडतं. ते विषारी असतं. बियाणाच्या रिकाम्या पिशव्या आखाड्यावर झटकू नका आणि पेरणी चालू असेल त्या दिवशी पिल्लं आतच ठेवा. बुरशी आलेला मकाही तसाच टाकून द्यायचा, ‘कोंबड्या खातील’ म्हणून ठेवायचा नाही.

घार, मुंगूस, बोका. कशाची भीती जास्त?

दिवसा घार आणि शिक्रा, रात्री मुंगसापेक्षा बोका आणि रानमांजर. मुंगूस उलट दिवसाढवळ्या येतं. धामण अंडी गिळते आणि लहान पिल्लंही.

वरून काही आलं तर कोंबडी एक वेगळा आवाज काढते आणि पिल्लं जागच्या जागी झुडपात घुसतात. जमिनीवरून काही आलं तर आवाज वेगळा. तिला हे शिकवावं लागत नाही, पण लपायला जागा तुम्ही द्यायला हवी. मोकळ्या, झाडून लख्ख केलेल्या अंगणात आई काय करणार? दोन-तीन ठिकाणी पऱ्हाट्यांचे ढीग, उलटी बाज, तुरीची एखादी ओळ ठेवा. रात्रीच्या कोपऱ्याला बारीक जाळी लावा. मोठ्या भोकांच्या जाळीतून कोंबडी बाहेर जात नाही, पण साप आत येतो.

लस द्यायची का? गावरान पिल्लांना रोग लागत नाही म्हणतात.

मानमोडी (राणीखेत रोग) गावरान-बिगरगावरान बघत नाही. एकदा गावात शिरली की आठवड्यात गल्ल्या रिकाम्या होतात. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा किंवा एफ-१ या मानमोडीच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस, आठव्या आठवड्यात मानमोडीची आर-टू-बी. वेळापत्रक तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात एकदा विचारून पक्कं करा.

अडचण अशी की बाटली शंभर पिल्लांची असते आणि आपल्याकडे असतात नऊ. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवल्या तर एक बाटली सगळ्यांना पुरते. बर्फाच्या थर्मासमध्ये आणा, कालवल्यावर तास-दोन तासांत संपवा. पिल्लं पहाटे, आईखाली असतानाच धरायची. उजाडल्यावर धरायला गेलात तर अख्खी गल्ली पळेल.

पक्षी भराभर मरायला लागले तर लपवू नका, विकू नका. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात बर्ड फ्लू निघाला होता आणि आजूबाजूच्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या होत्या. दवाखान्यात कळवायचं, मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलायचा नाही.

दोन कोंबड्या एकाच वेळी खुडूक झाल्या. एकत्र बसवू?

एकाच टोपल्यात नको. ओढाओढीत अंडी फुटतात. दोन टोपली, मध्ये आडोसा, पण तारीख एकच. एकीची पिल्लं फार कमी निघाली तर रात्री ती दुसरीखाली घालता येतात आणि पहिली मोकळी होते.

बदकाची अंडी कोंबडीखाली निघतात का?

निघतात, पण अठ्ठावीस दिवस लागतात. कोंबडीच्या अंड्यांबरोबर मिसळू नका. पुढे पिल्लं पाण्यात उतरतात आणि आई काठावर जो आकांत करते, तो बघवत नाही.

आई पिल्लांना कधी सोडते?

गावरान कोंबडी साधारण सहा ते आठ आठवडे सांभाळते. एके दिवशी दाण्यावर आलेल्या पिल्लाला चोच मारते, आणि त्याच रात्री दांडीवर चढते. क्रूर वाटतं, पण तिचं अंड्याचं चक्र परत सुरू झालेलं असतं. लवकर अंडी हवी असणारे पिल्लं तीन आठवड्यांची झाली की काढून बल्बखाली घेतात. हिशोबाने ते बरोबर असेल. मी करत नाही.

मला पिल्लं नकोत, खुडूक मोडायची आहे.

नाकात पीस घालणं, पाण्यात बुडवणं, पाय बांधून ठेवणं, हे सगळं बंद करा. तळाला जाळी असलेला पिंजरा जमिनीपासून हातभर उंच टांगा, त्यात गवत-भुसा काही नको, फक्त दाणा आणि पाणी, उजेडात. पोटाला खालून वारा लागला की तीन-चार दिवसांत ओढ जाते. आणि रोजची अंडी रोज उचला. टोपल्यात साठलेली अंडी बघूनच तिला बसावंसं वाटतं.

पिल्लांतले नर किती, तलंगा किती, हे कधी कळतं?

गावरानात सहाव्या-सातव्या आठवड्यात तुऱ्यावरून अंदाज येतो. नराचा तुरा आधी लाल होतो, पाय जाड दिसतात. त्याआधी कोणी छातीठोक सांगत असेल तर ऐकून घ्या आणि पैसे लावू नका. निम्मे नर निघणार हे धरूनच चाला. त्यातला एक पुढच्या वर्षीसाठी ठेवायचा असेल तर तो दुसऱ्या गावच्या माणसाशी बदलून घ्या, नाही तर बहीण-भावांच्या अंड्यांतून पुढची पिल्लं कमजोर निघायला लागतात. आमचा तांबडा असाच सेलूच्या बाजारातून एका कोंबड्याच्या बदल्यात आलेला आहे.